सॅन डिएगोत घरासमोर रात्रभर आरव्ही लावण्याआधी

उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून आले की आरव्ही, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन योसेमिटीला किंवा ग्रँड कॅन्यनला जायचं, हा बेत सॅन डिएगोतल्या बऱ्याच मराठी घरांत ठरतो. गाडी दुपारी ताब्यात मिळते, संध्याकाळभर सामान चढतं, पहाटे निघायचं असतं. म्हणून ती रात्र गाडी घरासमोरच्या रस्त्यावर काढते. सगळ्या सहलीत नियमाला अडणारी रात्र नेमकी हीच असते, आणि कॅम्पग्राउंडचं बुकिंग सहा महिने आधी करणारी माणसंही तिचा विचार केलेला नसल्यामुळे पहाटे वायपरखाली तिकीट बघतात.

सॅन डिएगो शहराचा नियम थोडक्यात असा: रात्री २ ते सकाळी ६ या वेळात कोणतीही आरव्ही, कोणताही सुटा ट्रेलर आणि कोणतंही अवजड वाहन शहराच्या रस्त्यावर किंवा शहराच्या पार्किंग लॉटमध्ये परमिटशिवाय उभं करता येत नाही. तुमच्या गल्लीत पाटी नाही म्हणून नियम नाही, असं समजू नका. नियम सगळ्या शहराला लागू आहे.

आता क्रमाने.

१. रस्ता नक्की कोणाचा आहे ते शोधा

पत्त्यात ‘सॅन डिएगो’ लिहिलेलं असतं म्हणून तुम्ही सॅन डिएगो शहरात राहता, असं नाही. पोस्टाचा पत्ता आणि शहराची हद्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ९२१२७ हा पिन घ्या. त्यात रँचो बर्नार्डोचा पश्चिमेकडचा भाग येतो, तो शहरात आहे. डेल सुर शहरात आहे. पण त्याच पिनमधलं फोर-एस रँच शहरात नाही, ते थेट काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अखत्यारीत आहे. दोन मैलांवर राहणाऱ्या मित्राने सांगितलेला नियम तुम्हाला लागू होईलच असं नाही, ते यामुळे. मीरा मेसा, रँचो पेन्यास्कितोस, कार्मेल व्हॅली, स्क्रिप्स रँच हे सगळं शहरात. पोवे, सँटी, ला मेसा, एल कहोन, चुला व्हिस्टा ही स्वतंत्र शहरं आहेत आणि प्रत्येकाचा नियम वेगळा.

खात्री करायचे दोन सोपे मार्ग आहेत. शहराच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून आपला सिटी कौन्सिलचा वॉर्ड, म्हणजे डिस्ट्रिक्ट, शोधा. तो सापडला तर तुम्ही शहरात आहात. दुसरी खूण म्हणजे तुमच्या भागात गस्तीला कोण येतं ते बघा. सॅन डिएगो पोलीस येत असतील तर शहर; शेरीफची, म्हणजे काउंटीच्या पोलिसांची, गाडी येत असेल तर तुम्ही काउंटीत आहात किंवा पोवेसारख्या शेरीफकडून पोलीससेवा घेणाऱ्या शहरात.

गेटच्या आतले रस्ते बहुधा खासगी असतात. तिथे शहराच्या परमिटचा उपयोग नाही, एचओएचा, म्हणजे घरमालकांच्या संघटनेचा, नियम चालतो. त्याबद्दल चौथ्या मुद्द्यात.

२. तुमचं वाहन कोणत्या गटात येतं ते पाहा

नियमात तीन गट आहेत.

आरव्ही: मोटरहोम, ट्रॅव्हल ट्रेलर, पिकअपवर बसवलेला कॅम्पर वगैरे. इथे आकाराचा प्रश्नच येत नाही, १९ फुटी छोटी मोटरहोमही आरव्हीच. सर्वांत जास्त गल्लत इथे होते. ‘आमची गाडी २७ फुटांपेक्षा लहान आहे’ म्हणून लोक निश्चिंत राहतात, पण ती मर्यादा पुढच्या गटासाठी आहे.

अवजड वाहन: २७ फुटांपेक्षा लांब आणि ७ फुटांपेक्षा उंच. पिकअप आणि त्याला जोडलेला ट्रेलर मिळून एकच लांबी धरतात.

बिनइंजिनाचं वाहन: गाडीपासून सोडवलेला कोणताही ट्रेलर, मग त्यावर बोट असो वा रिकामा असो.

आत पलंग आणि स्वयंपाकाचा ओटा बसवलेल्या उंच व्हॅनबद्दल बरेच जण विचारतात. राहण्यासाठी मुळातच बनवलेल्या किंवा कायमचे बदल केलेल्या वाहनाला कॅलिफोर्नियाच्या व्हेइकल कोडमध्ये ‘हाउस कार’ म्हणतात. रजिस्ट्रेशनवर मोटरहोम किंवा हाउस कार असं असेल, तर आरव्हीच समजून वागा. मागे फक्त गादी टाकलेली मिनिव्हॅन यात येत नाही.

३. घड्याळ, टेप आणि तीन आकडे

२ ते ६. उरलेले २० तास, म्हणजे सकाळी ६ ते रात्री २, गाडी घरासमोर उभी करून सामान भरायला हरकत नाही. म्हणजे अडचण फक्त चार तासांची आहे, आणि बेत त्या चार तासांभोवती आखायचा.

५० फूट. कोणत्याही चौकापासून ५० फुटांच्या आत आरव्ही दिवसाही उभी करता येत नाही. हा नियम फार कमी लोकांना माहीत असतो आणि कोपऱ्यावरच्या घरांना तोच आडवा येतो. २५ फुटी गाडीच्या दोन लांब्या, इतकं ते अंतर आहे. पावलं मोजू नका, टेप घ्या. शाळेत निघालेलं मूल आरव्हीच्या आडून रस्त्यात पाऊल टाकतं तेव्हा वळणाऱ्या ड्रायव्हरला ते दिसतच नाही. हे अंतर त्यासाठी आहे, आणि ते मनापासून पाळावं.

७२ तास. कोणतंही वाहन एकाच जागी सलग ७२ तास राहिलं तर ते टो होऊ शकतं. टायरवर खडूची खूण करतात, व्हॉल्व्हची जागा टिपतात. चार फूट पुढे सरकवून घड्याळ पुन्हा सुरू होत नाही. सहलीवरून आल्यावर ‘शनिवारी परत देऊ’ म्हणून ठेवलेली गाडी यात सापडते.

शिवाय साध्या मोटारीचे नियम आहेतच: हायड्रंटपासून (अग्निशमनाच्या नळापासून) १५ फूट, लाल कर्ब (लाल रंगवलेली रस्त्याची कड) पूर्ण बंद, चाकं कर्बपासून १८ इंचांच्या आत, आणि रस्ता झाडण्याच्या दिवसाची पाटी.

४. ड्राइव्हवे आणि एचओए

परमिटच्या आधी ड्राइव्हवेचा विचार करा, कारण जागा पुरत असेल तर तोच सर्वांत सुटसुटीत उपाय आहे. पण मोजून पाहा. अनेक घरांचा ड्राइव्हवे गॅरेजपासून फुटपाथपर्यंत २० फुटांच्या आसपास असतो आणि भाड्याची लोकप्रिय गाडी २५ फुटी. पाच फूट मागचा भाग फुटपाथवर येतो, आणि फुटपाथ अडवणं हा व्हेइकल कोडच्या कलम २२५०० खाली वेगळा गुन्हा आहे. व्हीलचेअर किंवा बाबागाडी घेऊन जाणाऱ्याला त्या पाच फुटांसाठी रस्त्यावर उतरावं लागतं. लांबी मोजताना मागची शिडी, सायकलचा रॅक आणि हिच (ट्रेलर जोडायचा हुक) धरूनच मोजा. उंची १२ फुटांच्या आसपास असते, तेव्हा घराच्या पागोळीकडे, बास्केटबॉलच्या रिंगकडे आणि झाडाच्या फांद्यांकडेही नजर टाका.

ड्राइव्हवे पुरत असला तरी एचओएचे सीसी अँड आर, म्हणजे तिची नियमावली, वाचा. आरव्ही ड्राइव्हवेत किती तास चालते, सामान भरण्यासाठी सवलत आहे का, हे त्यात लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी मॅनेजमेंट कंपनीला आधी ईमेल केली की एका रात्रीची परवानगी देतात. ती लेखी घ्या. फोनवर कोणी ‘चालेल’ म्हणालं, तर त्याला आधार राहत नाही.

गेटच्या आतल्या खासगी रस्त्यावर तर जास्तच जपा. प्रवेशाशी १७ बाय २२ इंचांची ठरावीक मजकुराची पाटी असेल, तर व्हेइकल कोडच्या कलम २२६५८ खाली आधी सूचना न देताही गाडी टो करता येते. उलट, सार्वजनिक रस्त्यावर एचओएला टो करायचा अधिकार नाही. तिथे शहराचा नियम.

५. परमिट काढा

शहरात राहणाऱ्यांना आपल्या घराजवळ आरव्ही लावण्यासाठी रात्रीचं तात्पुरतं परमिट मिळतं. ते शहराच्या संकेतस्थळावरून काढता येतं. पाहुणे स्वतःची आरव्ही घेऊन आले असतील, तर परमिट त्यांनी नाही, तुम्ही काढायचं, कारण ते रहिवाशाच्या पत्त्यावर मिळतं.

बसण्याआधी हे जवळ ठेवा:

– पत्ता दाखवणारा कागद: ड्रायव्हिंग लायसन्स, विजेचं किंवा पाण्याचं बिल. लायसन्सवर जुना पत्ता असेल तर बिल लागेलच.
– गाडीचं रजिस्ट्रेशन, किंवा भाड्याचा करारनामा.
– नंबर प्लेट आणि ती कोणत्या राज्याची आहे ते.
– क्रेडिट कार्ड आणि प्रिंटर.

पहिला सापळा नंबर प्लेटचा. भाड्याच्या कंपन्या गाडी आधी नक्की करत नाहीत. काउंटरवर गेल्यावर जी तयार असेल ती देतात आणि प्लेट बरेचदा ॲरिझोनाची असते. त्यामुळे चार दिवस आधी परमिट काढायला बसलात तर प्लेटच्या रकान्याशी अडता. ज्या दिवशी गाडी घ्यायची त्या सकाळी कंपनीला फोन करून युनिट आणि प्लेट विचारा. नाही सांगितली, तर करार हातात आल्याबरोबर तिथेच उभं राहून फोनवरून परमिट काढा. घरी जाऊन, सामान भरून, रात्री साडेअकराला काढू, हे टाळा.

दुसरा सापळा तारखेचा. तुम्ही म्हणता ‘शुक्रवार रात्र’, पण २ ते ६ ही वेळ शनिवारची आहे. परमिट काढताना सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख-वेळ वाचा आणि शनिवारची सकाळ त्यात बसते की नाही ते पाहा. एका दिवसाचं परमिट शुक्रवारी रात्री १२ ला संपत असेल, तर ते अगदी नको त्या क्षणी संपतं.

तिसरी गोष्ट म्हणजे परमिट-पानावरच्या मर्यादा: सलग किती दिवस मिळतं, दोन परमिटांमध्ये किती अंतर लागतं, वर्षाला किती. सहलीच्या आधीची एक आणि नंतरची एक, अशा दोन्ही रात्री मोजून ठेवा. परतीची रात्र लोक नेहमी विसरतात, आणि तेव्हा सगळे थकलेले असतात.

छापलेलं परमिट डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला, काचेतून वाचता येईल असं ठेवा. आरव्हीच्या पुढच्या काचेला आतून पडदा असतो. तो ओढताना परमिट पडद्याच्या आत जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पडदा लावून झाल्यावर खाली उतरा आणि बाहेरून टॉर्च मारून बघा.

परमिटमुळे फक्त २ ते ६ ची अडचण सुटते. ५० फूट, हायड्रंट, लाल कर्ब आणि रस्ता झाडण्याचा दिवस हे नियम तसेच राहतात.

६. गाडी प्रत्यक्ष लावताना

आरव्ही सुमारे साडेआठ फूट रुंद असते, आरसे वेगळे. घरांपुढच्या अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या असतील, तर कचऱ्याच्या ट्रकला किंवा फायर इंजिनला वाट राहते का ते पाहा. समोर कोणाची गाडी नसलेली जागा निवडा. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा बराच भाग असतो, म्हणून कर्बपासून निघताना एकदम वळवलीत तर मागचं टोक फुटपाथवर झुकतं आणि पत्रपेटी किंवा झाड घासतं. निघताना आधी सरळ पुढे जायचं आणि मग वळायचं. लावताना एक माणूस खाली उभा असलाच पाहिजे, आणि तो तुम्हाला आरशात दिसला पाहिजे.

उतारावर पुढची चाकं वळवून ठेवा: उताराच्या दिशेला तोंड असेल तर कर्बकडे, चढाच्या दिशेला असेल आणि कर्ब असेल तर कर्बपासून उलट. चाकांना ठोकळे लावा आणि सकाळी आठवणीने काढा.

स्लाइड-आउट (बाजूला सरकून बाहेर येणारा भाग), ऑनिंग (बाहेरचं कापडी छत), जॅक यातलं काहीही रस्त्यावर उघडू नका. घरातून फुटपाथवरून वायर ओढू नका; कोणी अडखळून पडलं तर जबाबदारी तुमची. लोक वायर ओढतात ती फ्रिजसाठी. आरव्हीतला गॅसवर आणि विजेवर चालणारा फ्रिज घरच्या फ्रिजसारखा तासाभरात गार होत नाही, त्याला बारा-बारा तास लागतात. त्यावर उपाय सोपा आहे. दशम्या, चिवडा, लाडू, तांदूळ, डाळी, भांडी आदल्या संध्याकाळी चढवा. दही, दूध, चिरलेली भाजी, श्रीखंड रात्रभर घरच्या फ्रिजमध्ये राहू द्या आणि सकाळी बर्फाच्या पेटीतून न्या. फ्रिज गाडी चालू असताना गार होत राहतो. जनरेटर तर रात्री अजिबात नको.

आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना आधी सांगा. शहराच्या ‘गेट इट डन’ ॲपवरून अशा गाडीची तक्रार फोटोसकट दोन मिनिटांत करता येते. ‘एकच रात्र आहे, परमिट काढलंय, सकाळी सहाला निघतो’ इतकं सांगितलं की बहुतेक जण समजून घेतात.

७. आत झोपू नका

घरात पाहुण्यांची दाटी झाली की मुलं किंवा चुलतभाऊ आरव्हीत झोपायला उत्सुक असतात. परमिट हे गाडी उभी करण्याचं असतं, राहण्याचं नाही. सॅन डिएगोच्या २०१९ च्या नियमानुसार रात्री ९ ते सकाळी ६ शहरात कुठेही रस्त्यावरच्या वाहनात राहायला मनाई आहे, आणि घरापासून किंवा शाळेपासून ५०० फुटांच्या आत तर दिवसाही. घरासमोर म्हणजे ५०० फुटांच्या आतच.

ज्यांना परवडणारं घर मिळत नाही म्हणून आरव्हीच घर झालं आहे, त्यांचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. त्यांच्या बाजूने चाललेल्या सामूहिक दाव्यात शहराने २०२४ मध्ये तडजोड केली. सुरक्षित पार्किंगची वाजवी सोय उपलब्ध नसताना त्यांच्यावर या नियमांखाली कारवाई करू नये, हा तिचा गाभा आहे. शहराच्या सेफ पार्किंगच्या जागा आहेत, मिशन व्हिलेज ड्राइव्हवरच्या जागेत आरव्हीही घेतात. आपल्यातल्या कोणावर, नोकरी गेल्यामुळे म्हणा किंवा घरातून बाहेर पडावं लागल्यामुळे म्हणा, अशी वेळ आली तर २-१-१ या मदतसेवेच्या नंबरवर फोन करा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

८. रस्ता टाळता आला तर उत्तम

मला विचाराल तर पहिली रात्र कॅम्पग्राउंडवरच काढा. दुपारी गाडी घ्या, संध्याकाळी घरासमोर सामान भरा आणि जेवून आठला निघा. सँटी लेक्स, बोनिटाजवळचं स्वीटवॉटर समिट, मिशन बेवरचं कॅम्पलँड किंवा चुला व्हिस्टाचं केओए यातलं कोणतंही शहरातून फार लांब नाही. विजेची आणि पाण्याची जोडणी मिळते, फ्रिज रात्रभर गार होतो, आणि पंप, हीटर किंवा टॉयलेट नीट चालत नसेल तर ते घरापासून अर्ध्या तासावर कळतं. ग्रँड कॅन्यनच्या वाटेवर वाळवंटात कळण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आई-बाबांनाही उंच पायरी, अरुंद मोरी यांची सवय होते.

हायवेवरच्या रेस्ट एरियात २४ तासांत ८ तास थांबता येतं. पूर्वेला आय-८ वर बकमन स्प्रिंग्ज, उत्तरेला आय-५ वर अलिसो क्रीक. निघण्याआधी ती उघडी आहेत का ते कॅलट्रान्सच्या (राज्याच्या रस्ते खात्याच्या) क्विकमॅपवर पाहून घ्या. मोठ्या दुकानांच्या लॉटमध्ये मॅनेजरला विचारल्याशिवाय थांबू नका.

९. तिकीट लागलंच किंवा गाडी उचललीच तर

तिकिटाचा फोटो काढा. गाडीचा, परमिटचा, चौकापासूनच्या अंतराचा, जवळच्या पाट्यांचा फोटो तेव्हाच काढा. प्लेट, वेळ, जागा, कलम नीट तपासा.

हरकत घ्यायची असेल तर तिकिटाच्या तारखेपासून २१ दिवसांत, किंवा थकबाकीची नोटीस आली असेल तर ती पाठवल्यापासून १४ दिवसांत, पहिल्या फेरतपासणीचा अर्ज करा. त्याला पैसे पडत नाहीत. निकाल विरुद्ध गेला तर पुढच्या २१ दिवसांत सुनावणी मागता येते. त्यासाठी दंडाची रक्कम आधी भरावी लागते, ऐपत नसेल तर सूट मागता येते. त्यानंतर ३० दिवसांत सुपीरिअर कोर्टात अपील, शुल्क २५ डॉलर. ‘मला नियम माहीत नव्हता’ हे कारण चालत नाही. वैध परमिट लावलेलं असून तिकीट देणाऱ्याला दिसलं नाही, जागा शहराच्या हद्दीबाहेर होती, वेळ चुकीची लिहिली, अशी कारणं चालतात, पुरावा असेल तर.

भाड्याच्या गाडीचं तिकीट हरकत नसेल तर स्वतः लगेच भरा आणि पावती कंपनीला पाठवा. नोटीस कंपनीकडे गेली की दंडावर त्यांचं हाताळणीचं शुल्क तुमच्या कार्डावर चढतं.

गाडी उचलली असेल तर आधी पोलिसांच्या साध्या, म्हणजे तातडीच्या नसलेल्या, नंबरवर विचारून ती टोच झाली आहे ना ते पाहा. सोडवायला वैध लायसन्स असलेला माणूस आणि चालू रजिस्ट्रेशन लागतं. भाड्याच्या गाडीसाठी कंपनीचं लेखी पत्रही लागू शकतं. स्टोरेजचे पैसे रोज वाढतात, म्हणून आधी गाडी सोडवा, भांडण नंतर. टो चुकीचा वाटत असेल तर नोटिशीच्या तारखेपासून १० दिवसांत सुनावणी मागा, ती शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून ४८ तासांत घ्यावी लागते.

दुसऱ्या शहरात नातेवाइकांकडे आरव्ही घेऊन जाणार असाल तर

सॅन डिएगोचा नियम सोबत नेऊ नका. लॉस एंजेलिसमध्ये २२ फुटांपेक्षा लांब किंवा ७ फुटांपेक्षा उंच वाहनांना पाटी लावलेल्या रस्त्यांवर रात्री २ ते ६ बंदी आहे, म्हणजे तिथे पाटी शोधायची. माउंटन व्ह्यूमध्ये २०२० च्या मतदानानंतर ४० फूट किंवा त्याहून अरुंद रस्त्यांवर मोठ्या वाहनांना मनाई आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०२५ मध्ये शहरभर मोठ्या वाहनांना दोन तासांची मर्यादा घातली, तिथे रात्रीचा विचारच सोडा. सिएटलमध्ये मोजमाप रुंदीचं आहे: ८० इंचांपेक्षा रुंद वाहन औद्योगिक भाग सोडून रात्री १२ ते सकाळी ६ रस्त्यावर चालत नाही, आणि आरव्हीची साडेआठ फूट रुंदी म्हणजे १०२ इंच. यजमानांना ‘तुमच्याकडे जागा आहे ना?’ असं विचारू नका. ‘ड्राइव्हवे किती फूट आहे आणि तुमचं शहर कोणतं?’ असं विचारा.